अंगणातल्या गाडीला नाक मुरडताना

मॉडेल रेल्वेच्या छंदात एक उतरंड आहे. ती कुठे लिहून ठेवलेली नाही, पण दोन-चार छंदिष्ट एकत्र भेटले की लगेच कळते. सगळ्यात वर ते, जे खोलीत टेबलावर ठरलेल्या प्रमाणात स्टेशन, यार्ड, बोगदा आणि सगळं गाव उभं करतात. आणि घराबाहेर, झाडाझुडपांतून मोठी गाडी पळवणारे? त्यांचा विषय निघाला की आवाज एकदम मऊ होतो. "छान आहे की! मुलांना मजा येत असेल." शेजारच्या बाळाने काढलेल्या चित्राचं करतात तसलं हे कौतुक.

मी हे लिहितेय ओमानच्या बातिना किनाऱ्यावर, खाबुऱ्यात. या देशात अजून प्रवासी रेल्वे नाही. सोहार ते अबू धाबी या हफीत रेलच्या लाईनचं काम चालू आहे, तेवढंच. पण इथल्या घरांना एक गोष्ट आहे जी पुण्या-मुंबईच्या फ्लॅटला नाही, ती म्हणजे भिंतीने वेढलेलं अंगण. तुमच्यापैकी जे न्यू जर्सीत किंवा मेलबर्नच्या उपनगरात राहतात, त्यांच्याकडेही घरामागे जागा असते. म्हणजे आईवडिलांना जो छंद परवडलाच नसता, तो तुम्हाला परवडू शकतो. अशा वेळी त्या छंदाला आधीच 'पोरखेळ' ठरवून टाकणारे लोक नेमकं काय म्हणतात, हे तपासून बघायला हवं. त्यांचे आरोप साधारण तीन आहेत.

पहिला आरोप प्रमाणाचा. खोलीतल्या छंदाचं सगळ्यात लोकप्रिय माप एचओ, म्हणजे १:८७. त्यात दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर असतं. गुणाकार करून बघा, १४३५ येतात, आणि जगातल्या बऱ्याच देशांत खऱ्या रुळांमधलं अंतर बरोबर १४३५ मिलिमीटर आहे. हिशेब चोख. आता अंगणात या. तिथला रूळ बहुधा ४५ मिलिमीटरचा. त्यावर कुणाची गाडी १:२२.५ ची, कुणाची १:२९, कुणाची १:३२, कुणाची १:२०.३. एकाच रुळावर चार वेगवेगळी जगं. शुद्धतावादी म्हणतात, हे माप नव्हे, रबर आहे. या तक्रारीत तथ्य आहे, ते नाकारू नये.

पण हीच फूटपट्टी तक्रार करणाऱ्यांनाही लावू या. ब्रिटनमध्ये खोलीतला छंद मुख्यतः ओओ या मापात चालतो. गाडी १:७६ ची आणि रूळ मात्र तोच, १६.५ चा. गुणाकार १२५४. म्हणजे खऱ्या रुळापेक्षा तब्बल १८ सेंटिमीटर कमी. तरीही त्याला कुणी पोरखेळ म्हणत नाही. आता आपल्याकडे या. भारतातला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. १:८७ मध्ये 'डेक्कन क्वीन' करायची तर रूळ १९.३ मिलिमीटरचा हवा. बाजारात मिळतो १६.५ चा, आणि बहुतेक लोक त्यावरच गाडी चढवतात. समोरून पाहिलं तर धिप्पाड माणसाने अरुंद बूट घातल्यासारखी दिसते. म्हणजे खोलीत बसलेला भारतीय छंदिष्ट पहिल्या दिवसापासून तडजोडीच्या रुळावर आहे.

उलट अंगणातला ४५ चा रूळ घ्या आणि २२.५ ने गुणा. १०१२ येतात, म्हणजे मीटरगेज, जवळजवळ नेमका. पुणे-मिरज लाईन ब्रॉडगेज होण्याआधी मीटरगेजच होती. माथेरानच्या गाडीचा रूळ ६१० मिलिमीटरचा. ब्रिटनमध्ये अंगणातल्या छंदाची एक जुनी शाखा आहे, तिचं माप फुटाला १६ मिलिमीटर, म्हणजे साधारण १:१९, आणि रूळ ३२ मिलिमीटरचा. गुणाकार ६०८. याहून जवळचं काय हवं? मापाचाच आग्रह असेल, तर नेरळ-माथेरानची गाडी टेबलावरच्या १६.५ पेक्षा अंगणातल्या ३२ च्या रुळावर जास्त खरी ठरते.

दुसरा आरोप, हे खेळणं आहे. इथे इतिहास थोडा अडचणीचा आहे, आणि तो दोन्ही बाजूंना. अंगणातल्या गाड्यांचं आजचं रूप १९६८ मध्ये न्युरेंबर्गच्या लेमान कंपनीने आणलं, आणि लेमान मुळात खेळणी करणारी कंपनी, हे खरंच. त्यांच्या सर्वांत आवळ वळणाची त्रिज्या ६० सेंटिमीटर, म्हणजे खऱ्या जगात साडेतेरा मीटर. मीटरगेजची गाडी अशा वळणावर कुठली टिकायला! पण खोलीतल्या आवळ वळणाची त्रिज्या ३६ सेंटिमीटर असते, ती ८७ ने गुणली की ३१ मीटर होतात. भारतीय ब्रॉडगेजवर १७५ मीटरच्या आतलं वळण नियमात बसत नाही. चोरी दोघांचीही आहे, फक्त खोलीतली चोरी कापसाच्या डोंगराआड लपते.

आणि 'परंपरा' म्हणाल, तर मेर्क्लिनने १८९१ मध्ये खेळण्यातल्या गाड्यांच्या मापांना क्रमांक दिले तेव्हा ती मापं मोठीच होती. त्यातला एक नंबरचा रूळ ४५ मिलिमीटरचा, म्हणजे आज अंगणात दिसतो तोच. एचओ हे नाव 'अर्धा ओ' यावरून आलं. म्हणजे परंपरेचा झेंडा मिरवणारं माप हे जुन्या मापाचा निम्मा अवतार आहे. घरं लहान झाली, मापंही लहान झाली. पुढे लेमानची कंपनी दिवाळखोरीत गेली आणि तिचा अंगणातल्या गाड्यांचा व्यवसाय २००७ मध्ये घेतला कुणी, तर त्याच मेर्क्लिनने.

आपल्या मराठी कानांना या आरोपाची आणखी एक बाजू आहे. 'बागेतली गाडी' म्हटलं की पुणेकराला पेशवे पार्कातली १९५६ पासूनची फुलराणी आठवते, आणि फुलराणी लहान मुलांची. पण नेरळ-माथेरानची गाडी तर खरीखुरी रेल्वे आहे. आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने बांधलेली, १९०७ मध्ये सुरू झालेली, वीसेक किलोमीटर डोंगर चढणारी. तिलासुद्धा आपण सर्रास 'टॉय ट्रेन'च म्हणतो ना? म्हणजे 'खेळणं' हा शब्द आपण वस्तू पारखून वापरत नाही, आकार लहान दिसला की चिकटवतो.

तिसरा आरोप मात्र दमदार आहे. ते म्हणतात, अंगणात काहीच तुमच्या हातात नसतं. खोलीत तुम्ही काळ ठरवता, ऋतू ठरवता, दिवेलागण ठरवता. कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशींनी उभारलेलं आणि १९९८ मध्ये सुरू झालेलं लहान रेल्वेंचं संग्रहालय ज्यांनी पाहिलंय त्यांना हे सांगायला नको. गाड्या, सिग्नल, रस्त्यावरचे दिवे, सगळं वेळच्या वेळी, ठरल्याप्रमाणे. एक पुरं झालेलं जग बघायचा आनंद तिथे मिळतो आणि तो आनंद खोटा नाही. अंगणात मात्र पान १:२२ चं नसतं, मुंगी तर इंजिनाच्या टपावरच चढते.

खाबुऱ्यात तर ही तक्रार आणखी धारदार होते. पितळी रूळ तापला की दर मीटरला, दर अंशाला सुमारे ०.०१९ मिलिमीटर वाढतो. हिवाळ्यातली पहाट आणि जूनमधली दुपार यांत रुळाच्या तापमानात ४० अंशांचा फरक धरला, तर दहा मीटरच्या रुळात साडेसात मिलिमीटरची वाढ. फट सोडली नाही तर रूळ सापासारखा वळणार. एसी लावलेल्या खोलीत पाच अंशांचा फरक, वाढ मिलिमीटरच्या आत. शिवाय किनाऱ्याची खारी हवा आणि वाऱ्याबरोबर येणारी वाळू. इथे अंगणात गाडी चालवायची तर आधी झाडू घ्यायला लागेल.

पण थांबा. फट सोडणं, वाळू हटवणं, खचलेली खडी पुन्हा ठोकणं, या गोष्टी रेल्वेच्या बाहेरच्या आहेत का? कोकण रेल्वे दर पावसाळ्यात वेगळं वेळापत्रक काढते, गाड्यांचा वेग कमी करते, कारण दरडी कोसळतात. २००५ च्या जुलैमधल्या पावसाने माथेरानची लाईन अशी वाहून गेली की गाडी पुन्हा सुरू व्हायला २००७ उजाडलं. खरी रेल्वे कधीच 'पुरी' होत नाही. रोज कुणीतरी हातोडा घेऊन रुळावरून चालत जातं, म्हणून ती चालते. आपण त्यांना गँगमन म्हणतो. खोलीतल्या मॉडेलमध्ये हा गँगमन असतो खरा, पण रंगवलेला, दोन सेंटिमीटरचा, एका पायावर गोंदाने चिकटवलेला. त्याच्या कामाची तिथे गरजच पडत नाही. अंगणात ते काम तुम्हालाच करावं लागतं.

माझ्या मते मतभेदाचं मूळ इथे आहे. मॉडेल म्हणजे सगळ्याची लहान प्रत, असं कुठल्याच शास्त्रात नसतं. मॉडेल काही गोष्टी जपतं, बाकीच्या सोडून देतं. खोलीतलं मॉडेल रेल्वेचं रूप जपतं. अंगणातलं मॉडेल तिची झीज आणि निगा जपतं. वजनही जपतं, काही प्रमाणात. १०० टनांचं इंजिन १:८७ मध्ये नेमकं उतरवलं तर वजन ८७ च्या घनाने भागावं लागतं आणि हातात उरतात दीडशे ग्रॅम. ४० टनांचं मीटरगेज इंजिन १:२२.५ मध्ये साडेतीन किलोचं होतं. सांध्यावरून जाताना त्याचा आवाज येतो, उतारावर ते ढकलतं, आणि ब्रेक का लागतात ते शिकवायला पुस्तक लागत नाही.

याचा अर्थ अंगणवाल्यांना सगळं माफ, असा नाही. उतरंडीत खाली ढकललं जाण्यात त्यांचाही हात आहे. स्विस डबे, अमेरिकन इंजिन, मध्येच प्लॅस्टिकचा हत्ती, आणि कुणी बोललं तर "आम्ही मजेसाठी करतो" ही ढाल. मजेसाठीच करायचं, पण एक लाईन निवडून करा की! ती कुठून कुठे जायची, काय वाहून न्यायची, कुठे पाणी भरायची, हे ठरवा. टिंगल करणाऱ्याला उत्तर द्यायचं तर ते असल्या कामातून द्यावं.

परदेशात वाढलेल्या तुमच्यासाठी यात एक व्यावहारिक गोष्टही आहे. दुकानात तयार मिळणारं खोलीतलं जग बहुतेक युरोपचं किंवा अमेरिकेचं असतं. जर्मन चर्च, अमेरिकन धान्याचं कोठार. नेरळ, जुम्मापट्टी, अमन लॉज ही नावं कुठल्याही खोक्यावर नाहीत. ती स्टेशनं हवी असतील तर स्वतःच घडवावी लागतील, आणि घडवायचीच आहेत तर बरोबर बसणाऱ्या मापात का घडवू नयेत?

ओमानमध्ये घाफ नावाचं झाड वाळवंटात सगळीकडे दिसतं. ती आपलीच शमी. तिची पानं इतकी बारीक की १:१९ च्या गाडीशेजारी शमीचं रोप मोठ्या वृक्षासारखं दिसेल, आणि पाणीही फार मागणार नाही. खाबुऱ्याच्या अंगणात माथेरानची लाईन टाकायची तर सावलीची सोय झाली. दस्तुरी नाका गेटपाशी ठेवता येईल. उन्हाळ्याचं वेगळं वेळापत्रक मात्र लावावं लागेल, गाड्या फक्त सूर्य उगवायच्या आधी आणि मावळल्यानंतर.