शेजाऱ्याची गाडी मोजायची कशी?

शेजाऱ्याने गाडी घेतली म्हणून आपण घेतली, हे सिद्ध कसं करणार? एका गल्लीतल्यांची मिळकत मुळातच सारखी असते ना! पीटर कून आणि सहकाऱ्यांच्या २०११ च्या पेपरने नेदरलँड्सच्या पोस्टकोड लॉटरीत तोड शोधली. तिथे बक्षीस अख्ख्या पोस्टकोडला लागतं. तिकीट न घेतलेला तेवढा कोरडा राहतो. बक्षीसवाल्यांच्या शेजाऱ्यांकडे गाड्या जास्त नव्या निघाल्या. नंबर कुणाची मिळकत बघून निघत नाही, म्हणून हा पुरावा मला भारी वाटतो. पण जपून वाचा. गाडी मोजली, जळफळाट नाही. शेजाऱ्याच्या नव्या गाडीतून एक चक्कर मारूनही मोह होतोच की! तुमच्या प्रपोजलमध्ये 'ईर्षा' लिहिण्याआधी ती कुठल्या आकड्यात दिसली ते लिहा. माझा हाच शब्द गाइडने लाल पेनाने खोडला होता.