खापर कुणावर फोडायचं?

दशलक्षण पर्व संपलं, क्षमावाणी झाली आणि त्याच आठवड्यात नातीनं हातात एक इंग्रजी कादंबरी ठेवली. नाव ‘हाऊ टू हँग अ विच’. म्हणजे चेटकिणीला फाशी कशी द्यावी! “आजी, नाव बघून ठेवून देऊ नकोस,” म्हणाली. वाचली. भीतीही वाटली, पण मन अडकलं ते भुतात नव्हे, क्षमेत.

एड्रिएना मॅदर यांची ही कादंबरी २०१६ ची. वडील बेशुद्ध होऊन दवाखान्यात पडलेले, म्हणून समांथा सावत्र आईबरोबर न्यूयॉर्क सोडून सेलमला आजीच्या घरी येते. १६९२ मध्ये तिथल्या चेटकीण-खटल्यांत १९ जणांना फाशी झाली होती. त्या खटल्यांची बाजू घेणारा धर्मोपदेशक कॉटन मॅदर हा समांथाचा पूर्वज, आणि खुद्द लेखिकेचाही. त्यामुळे फाशी गेलेल्यांच्या वंशातली मुलं शाळेत तिला जवळ करत नाहीत. पूर्वजाचं पाप लेकरानं का फेडावं?

शाळेतली कुजबुज आणि जुने खटले एकाच माळेचे मणी आहेत, हे लेखिकेनं फार छान दाखवलंय. बोट दाखवणारी एक, पण गप्प बसणाऱ्या दहा. आपल्या हळदीकुंकवातही हेच चालतं की! मुलांचे संवाद चटपटीत आहेत, भुताचा भाग तर हातचं काम सोडून वाचावा असा.

कमी पडतं ते शेवटी. सगळं खापर शापावर आणि एका दुष्टाव्यावर फुटतं, मग मुलांना एकमेकांना जवळ करणं सोपं जातं. खरा इतिहास इतका सोपा नाही. अ‍ॅन पुटनम ही आरोप करणारी पोर तेव्हा १२ वर्षांची. पुढं १७०६ मध्ये तिचा माफीनामा चर्चमध्ये सगळ्यांसमोर वाचला गेला. देवाची आणि मेलेल्यांच्या नातेवाइकांची तिनं क्षमा मागितली. पण त्यातही म्हणाली, सैतानानं मला फसवलं. आपल्या धर्मात ही पळवाट नाही. केलेलं कर्म आपलंच. तरी चारचौघांत उभी राहिली, हे मात्र तिचं मोठेपण.

आणि मी? यंदा फोनवरून सगळ्या गोतावळ्याला ‘उत्तम क्षमा’ धाडली, धाकट्या जावेला सोडून. दागिन्यांच्या भांडणात मी तिच्याविरुद्ध खोटं बोलले होते, म्हणून तिच्यापुढं ते दोन शब्द जड जातात. या रविवारी बस्तीतून थेट तिच्याकडे जाणार आहे. “सासूबाईंनी बोलायला लावलं,” असं म्हणणार नाही.

तेरा-चौदा वर्षांच्या मुलींना पुस्तक जरूर द्या. त्यांच्या आधी आपण वाचावं.