एरेदियाची ‘नुका अंतरा’ : नकाशाच्या एका नकलेवरील शेऱ्याची चिकित्सा

दप्तरांतील एखाद्या पत्राची नक्कल हातीं आली म्हणजे मूळ कोठें आहे, नक्कल कोणीं व केव्हां केली, हे प्रश्न संशोधक प्रथम विचारतो. नकाशाच्या बाबतींत मात्र हीच दक्षता सुटते. रेषा रेखीव आणि कागद जुना दिसला कीं त्यावरील शेराहि खरा मानण्याकडे मनाचा कल होतो. या शिथिलतेचा परिणाम काय होतो, हें गोव्याशीं निगडित अशा एका प्रकरणावरून चांगलें दिसून येतें.

१८६१ सालीं ब्रिटिश म्यूझियममधील नकाशांचे अभ्यासक रिचर्ड हेन्री मेजर यांनीं असें प्रतिपादन केलें कीं, ऑस्ट्रेलियाचा शोध डचांच्या १६०६ मधील सफरीच्या पांच वर्षें अगोदर पोर्तुगीजांनीं लावला. आधार एकच : एका हस्तलिखित जगन्नकाशावरील शेरा. व्हाइसरॉय आयरिश द साल्दान्य याच्या आज्ञेनें मानुएल गोदिन्यु द एरेदिया यानें १६०१ सालीं ‘नुका अंतरा’ शोधून काढली, असा त्याचा आशय. नकाशा मूळ नसून नक्कल आहे, व ती बहुधा एकोणिसाव्या शतकांतील असावी, हें मेजर यांनीं लपविलें नाहीं. त्यांचा प्रामाणिकपणा वादातीत आहे. दोष आहे तो अनुमानाचा.

शेऱ्याची परीक्षा केली असतां दोन गोष्टी नजरेस येतात. पहिली अशी कीं, नकलकारानें एरेदियाचें आडनांव ‘एवेदिया’ असें उतरलें आहे, व व्हाइसरॉयच्या नांवांतहि रोमन ‘र’ च्या जागीं ‘व’ वाचला आहे. म्हणजे ज्यांचीं नांवें तो लिहीत होता त्या व्यक्ति त्याच्या परिचयाच्या नव्हत्या. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. त्याच नकाशावर डचांनीं शोधलेल्या ‘एंद्राख्त’ भूमीचाहि निर्देश आहे. हें नांव ज्या जहाजावरून पडलें तें त्या किनाऱ्यास १६१६ सालीं लागलें. तेव्हां नकलेच्या मुळाशीं असलेला नकाशाहि १६१६ पूर्वीं पुरा झालेला नव्हता. १६०१ ची ही नोंद समकालीन नव्हे. निदान पंधरा वर्षांनंतरच्या कागदावरची आहे.

निर्णायक पुरावा मात्र खुद्द एरेदियाच्या ग्रंथांतच निघाला. हा गृहस्थ १५६३ सालीं मलाक्का येथें जन्मला. बाप पोर्तुगीज, आई सेलेबिझ बेटांतील राजघराण्याची. त्याचें शिक्षण गोव्यास झालें, आणि मलाक्का, दक्षिणेकडील भूमि व कॅथे यांविषयींचा ग्रंथहि त्यानें १६१३ सालीं गोव्यासच पुरा केला. त्याचें हस्तलिखित ब्रुसेल्सच्या राजकीय ग्रंथालयांत आहे. फ्रेंच भाषांतरासह तें १८८२ सालीं छापलें गेलें, आणि इंग्रजी भाषांतर जे. व्ही. मिल्स यांनीं १९३० सालीं प्रसिद्ध केलें. त्यावरून असें दिसतें कीं, व्हाइसरॉयच्या आज्ञेनें एरेदिया मलाक्क्यास गेला, पण डच व मलय यांच्याशीं चाललेल्या लढायांमुळें दक्षिणेची सफर त्याच्या हातून घडलीच नाहीं. ‘लुका अंतरा’ विषयीं त्यानें जें लिहिलें तें ऐकीव वृत्तांतांवरून आणि पुढें पाठविलेल्या एका सेवकाच्या सांगण्यावरून. आज्ञा ‘शोध’ झाली ती शेऱ्यांत. आणि त्या सेवकाचा तेथें उल्लेखहि नाहीं. हा ग्रंथ पाहिल्यावर मेजर यांनीं आपला दावा मागें घेतला, हें त्यांना भूषणावहच आहे.

नांवाचीहि थोडी चिकित्सा अवश्य आहे. जावी भाषेंत ‘नुसा’ म्हणजे बेट. ‘अंतर’ शब्द आपल्या परिचयाचा. मजपहितच्या काळीं, चौदाव्या शतकांत, जावेबाहेरील बेटांना ‘नुसांतर’ म्हणत. म्हणजे ज्याला नवें खंड समजण्यांत आलें तें तेथील लोकांचें जुनेंच नांव होतें. जावेलगतचें मदुरा बेट अभिप्रेत असावें, असें अनुमान पुढें निघालें आहे.

यावरून नक्कल म्हणजे टाकाऊ, असा अर्थ कोणीं घेऊं नये. मलाक्का जिंकल्यावर अल्बुकर्कला एका जावी नावाड्याचा मोठा नकाशा मिळाला होता. तो १५११ सालीं ‘फ्लोर द ला मार’ जहाजाबरोबर सुमात्राजवळ बुडाला. १ एप्रिल १५१२ च्या पत्रांत अल्बुकर्कनें राजास कळविलें कीं, त्यांतील कांहीं भागाची फ्रांसिस्कु रॉद्रिगिश यानें काढलेली नक्कल पाठवीत आहे. मूळ कोणाचें, त्यावरील अक्षर कोणतें, उतरणारा कोण, हें सारें त्या पत्रांत आहे. मूळ बुडालें तरी साक्ष उरली ती या पत्रामुळें. मेजर यांच्या नकाशास असें पत्र नव्हतें. एरेदियाच्याहि ज्या नकाशांत मलाक्क्याचा, त्यानें स्वतः पाहिलेला, मुलूख आहे, त्यांची किंमत या प्रकरणानें कमी होत नाहीं.

आपल्याकडील संग्राहकांस ही कसोटी परकी वाटूं नये. मंठ्याचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता, पुढें परभणी जिल्ह्यांत राहिला, आणि १९८१ सालीं नव्या जालना जिल्ह्यांत आला. निजामशाहींतील म्हणून दाखविलेल्या एखाद्या गांवनकाशाच्या कडेस ‘जिल्हा जालना’ असें आढळलें, तर तीं अक्षरें १९८१ पूर्वींचीं नव्हेत. रेषा मात्र जुन्या असूं शकतात. रेषा व शेरा यांची परीक्षा वेगवेगळी करावी लागते ती याचसाठीं. नकाशा विकत घेतांना तो कोणाच्या घरचा, कोणीं उतरला, शेरा कोणत्या शाईचा, इतकें तरी त्याच दिवशीं टिपून ठेवावें. हें टिपण हरवलें तर पुढच्या अभ्यासकाच्या हातीं मेजर यांच्याप्रमाणें केवळ शेरा उरेल.

मंठा, जि. जालना