संशोधनाचा आराखडा आणि प्रश्नाची भाषा

समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात लघुप्रबंधाला जे स्थान आहे ते पाहता त्याच्या आराखड्याकडे जितके लक्ष पुरविले जावयास हवे तितके पुरविले जात नाही. आराखडा म्हणजे समितीपुढे ठेवावयाचा एक कागद. तो संमत झाला की खरे काम सुरू होते, अशी समजूत विद्यार्थ्यांत रूढ आहे आणि अध्यापकांकडूनही तिला फारसा विरोध होत नाही. वास्तविक ज्या चुका पुढे कितीही तक्ते जोडले तरी भरून निघत नाहीत त्या बहुधा याच कागदावर झालेल्या असतात. पुष्कळदा तर त्याच्या पहिल्या ओळीत, म्हणजे शीर्षकात.

'झोपडपट्टीतील स्त्रियांच्या समस्या : एक अभ्यास', 'वृद्धाश्रमातील रहिवाशांचे समायोजन : एक अभ्यास' हा या शीर्षकांचा परिचित मासला होय. व्याकरणाच्या दृष्टीने पाहिले तर त्यांत एक गोष्ट समान आहे : त्यांत क्रियापद नाही. सर्व भार षष्ठीवर टाकलेला असतो, आणि षष्ठी ही मराठीतील सर्वांत उदार विभक्ती आहे. ती कोणताही संबंध आपल्या पदराखाली झाकून घेते. 'स्त्रियांच्या समस्या' म्हणजे स्त्रियांना जाणवणाऱ्या समस्या, की इतरांना स्त्रियांच्या ठिकाणी दिसणाऱ्या समस्या, की समाजकार्यकर्त्याला ज्यांविषयी काही करता येईल अशा समस्या? तिन्ही अर्थ त्या एका प्रत्ययात सुखाने नांदतात. संशोधकाने त्यांतून निवड केलेली नसते आणि निवड करावयाची राहिली आहे याची जाणीवही शीर्षक त्याला होऊ देत नाही.

वाक्याचे तसे नसते. वाक्य उच्चारले की कर्ता लागतो, काळ लागतो, आणि मुख्य म्हणजे ते नाकारता येते. 'वृद्धांचे समायोजन' या शब्दसमूहाला कोणी 'नाही' म्हणू शकत नाही. उलट 'मद्यपी पतीच्या पत्नीकडे सहा महिने आठवड्यातून एकदा गृहभेटी दिल्याने तिच्या मुलांची शाळेतील उपस्थिती वाढते काय?' या प्रश्नाला 'नाही' असे उत्तर येऊ शकते. हा प्रश्न लहान आहे, त्याला वैभव नाही. पण त्यात कोणी काय करावयाचे, किती काळ करावयाचे आणि बदल कोठे शोधावयाचा हे सांगितलेले आहे. समाजकार्य ही मुळात कृती आहे. ज्या संशोधनाने त्या कृतीला दिशा द्यावयाची त्याच्या प्रश्नातून क्रियापदच गळावे ही विसंगती साधी नव्हे.

या 'काय?'ची फार मोठी आणि तितकीच दुःखद परीक्षा अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, केंब्रिज व सॉमरव्हिल या दोन लगतच्या शहरांत झाली. तिचे जनक डॉ. रिचर्ड क्लार्क कॅबट हे वैद्य असून १९०५ मध्ये बॉस्टनच्या मोठ्या रुग्णालयात समाजकार्यकर्त्यांना स्थान मिळवून देण्याचे श्रेय त्यांच्याकडे जाते. एखाद्या प्रौढ व्यक्तीची दीर्घकाळ स्थिर मैत्री लाभली तर मुलगा गुन्हेगारीकडे वळण्यापासून वाचेल काय, हा त्यांचा प्रश्न होता. वय, घरची परिस्थिती, स्वभाव अशा बाबतींत शक्य तितक्या सारख्या मुलांच्या जोड्या लावण्यात आल्या आणि प्रत्येक जोडीतील कोणाला साहाय्य द्यावयाचे हे नाणे उडवून ठरविण्यात आले. 'वाह्यात' मुलांवर शिक्का बसू नये म्हणून सामान्य मुलेही मुद्दाम घेण्यात आली. कामाचा बोजा कमी करण्यासाठी काही जोड्या वगळल्यावर ५०६ मुले उरली, म्हणजे प्रत्येक बाजूस २५३. प्रत्यक्ष कार्य १९३९ ते १९४५ पर्यंत चालले. मार्गदर्शक घरी जात, अभ्यासात मदत मिळवून देत, वैद्यकीय उपचारांची सोय करीत, मुलांना उन्हाळी छावण्यांना पाठवीत. कॅबट स्वतः १९३९ मध्येच निवर्तले. त्यांना निष्कर्ष पाहावयास मिळाला नाही.

पॉवर्स व विट्मर यांनी १९५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दोन्ही गटांतील गुन्ह्यांच्या प्रमाणात अपेक्षित फरक दिसला नाही. तेव्हा फळ दिसण्यास अवधी लागेल असे म्हणावयास जागा होती. तीसहून अधिक वर्षांनी जोन मॅक्कॉर्ड यांनी त्या मुलांचा, आता मध्यमवयीन झालेल्या पुरुषांचा, शोध घेतला आणि १९७८ मध्ये निष्कर्ष मांडला. गुन्ह्यांबाबत साहाय्याचा लाभ दिसत नव्हताच. उलट साहाय्य मिळालेल्यांत पुन्हा गुन्हा करणे, मद्यासक्तीची चिन्हे, गंभीर मनोविकार, रक्तदाब व हृदयविकार यांसारखे आजार आणि अकाली मृत्यू या बाबी तुलनागटापेक्षा अधिक आढळल्या. या निष्कर्षाहूनही अस्वस्थ करणारी एक नोंद त्याच लेखात आहे. साहाय्य मिळालेल्या पुरुषांना त्याविषयी विचारले असता सुमारे दोनतृतीयांश जणांनी त्याचा आपल्याला उपयोग झाला असेच सांगितले.

आराखडा शिकविण्याच्या दृष्टीने या अभ्यासाकडे पाहिले तर त्याची थोरवी व त्याचा दोष दोन्ही स्पष्ट दिसतात. तुलनागट नसता तर ते दोनतृतीयांश उत्तर हाच निष्कर्ष ठरला असता आणि जगभरच्या समाजकार्य-विद्यालयांत हा प्रयोग यशाचा नमुना म्हणून शिकविला गेला असता. दोष आहे तो क्रियापदात. 'मैत्री करणे' म्हणजे नेमके काय करणे हे आराखड्याने ठरविले नव्हते. ते ज्याच्या त्याच्या स्वभावावर सोडले होते. एकाने शिकवणी पाहिली, दुसऱ्याने घरातील भांडणे मिटविली. परिणामी अपाय कशाने झाला हे आराखड्यातून सांगता येईना. पुढे मॅक्कॉर्ड यांना उन्हाळी छावण्यांवर, विशेषतः एकाहून अधिक वेळा छावणीस गेलेल्या मुलांवर, बोट ठेवता आले ते आराखड्याच्या नव्हे, तर मार्गदर्शकांनी निष्ठेने लिहून ठेवलेल्या भेटींच्या नोंदींच्या बळावर.

आता 'उपयोग झाला' या उत्तराकडे वळले पाहिजे, कारण आपल्याकडील पुष्कळसे मूल्यमापन त्यावरच उभे असते. संस्थेची कार्यकर्ती वस्तीतील बाईला विचारते, 'केंद्राचा तुम्हांला उपयोग झाला का?' उत्तर येते, 'झाला की, ताई.' प्रश्नावलीत 'होय' या चौकोनात खूण होते. भाषेच्या अभ्यासकाला मात्र त्या उत्तरात चौकोनात न मावणारे दोन शब्द दिसतात. 'की' हा अव्यय विधानाला आग्रहाची धार देतो. प्रश्नच अनाठायी होता असे तो सुचवितो. आणि 'ताई' हे संबोधन सांगते की उत्तर केंद्राविषयी नसून समोरच्या व्यक्तीशी असलेल्या नात्याविषयी आहे. ताईला 'नाही' म्हणणे हा उद्धटपणा ठरेल. बाई उद्धट नाही, इतकेच या खुणेने सिद्ध होते. ज्याने साहाय्य दिले त्यानेच उपयोगाविषयी विचारू नये हा नियम पाठ्यपुस्तकांत असतो. परंतु क्षेत्रकार्याच्या दोन दिवसांत विद्यार्थिनी स्वतःच कार्यकर्ती असते आणि स्वतःच संशोधक असते, तेव्हा तो नियम पहिल्यांदा बाजूला पडतो.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो : साहाय्याची गरज असलेल्यांतून काहींना चिठ्ठ्या टाकून वगळणे हे समाजकार्याच्या नीतीत बसत नाही. आक्षेप प्रामाणिक आहे. पण जेथे सर्वांना पुरेल इतके साहाय्य नसते तेथे कोणाला तरी थांबावे लागतेच. आज ते कोणाची ओळख कोणाशी आहे यावर ठरते, त्यापेक्षा चिठ्ठी अन्याय्य कशी? शिवाय तुलनागट अशक्य असेल तेथे एकाच मुलाची साहाय्यापूर्वीची, साहाय्याच्या काळातील व नंतरची दर आठवड्याची उपस्थिती मांडून पाहण्याचा मार्ग आहेच. त्याला खर्च नाही. फक्त पहिली नोंद काम सुरू होण्यापूर्वी व्हावी लागते. नेमकी तीच होत नाही, कारण आराखडा संमत होईपर्यंत भेटी सुरू झालेल्या असतात.

शब्दांची व्याख्या हा आराखड्यातील आणखी एक दुर्लक्षित भाग. व्याख्या देण्याची प्रथा आहे खरी. पण ती इंग्रजी कोशातून उचललेली असते आणि ज्यांना प्रश्न विचारावयाचा त्यांच्या बोलीशी तिची गाठ पडलेली नसते. 'कुटुंब' हाच शब्द घ्यावा. जुन्या पिढीच्या बोलण्यात 'आमचे कुटुंब' म्हणजे पत्नी. 'आपल्या कुटुंबात किती माणसे?' या प्रश्नापुढे वृद्ध माणूस क्षणभर घुटमळला तर दोष त्याच्या अज्ञानाचा नसतो. जनगणनेने कुटुंबाची सीमा एका स्वयंपाकघराने आखली आहे, आणि मराठीला ती सीमा 'चूल' या शब्दाने फार पूर्वीपासून ठाऊक आहे. 'चूल वेगळी झाली' या तीन शब्दांत एक सामाजिक घटना सामावते. तरीही चुलीने सर्व प्रश्न सुटत नाहीत. मुंबईच्या गिरण्या भरात होत्या त्या काळी कोकणातून आलेला कामगार गिरणगावात दहाबारा जणांच्या खोलीत राही, खानावळीत जेवी आणि दरमहा गावी मनिऑर्डर पाठवी. त्याची चूल कोणती? त्याला विचारले तर तो 'आम्ही एकत्रच आहोत' असे सांगे, कारण गावची जमीन वाटली गेलेली नसे.

इरावती कर्वे यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या आप्तसंबंधांवरील ग्रंथात एकत्र कुटुंबाच्या लक्षणांत एक छप्पर, एक चूल व सामाईक मालमत्ता यांचा समावेश केला. आय. पी. देसाई यांनी गुजरातेतील महुवा या गावाच्या अभ्यासात (१९६४) एकत्रपणा केवळ सहनिवासाने मोजता येत नाही हे दाखविले. या दोहोंतून विद्यार्थ्याने एक निवडून तळटीप द्यावी असा याचा अर्थ नाही. व्याख्या प्रश्नाच्या गरजेतून यावी लागते. मुलांच्या पोषणाविषयीचे संशोधन असेल तर चूल महत्त्वाची. मुलीला शाळेतून काढण्याचा निर्णय कोण घेतो हे पाहावयाचे असेल तर दूर गावी बसलेला आजा कुटुंबात धरावा लागेल. क्षयरोग्याच्या उपचाराचा खर्च कोण उचलतो हे पाहावयाचे असेल तर पैसे पाठविणारा भाऊ. एकाच घराची ही तीन वेगळी कुटुंबे होत. यातच भर म्हणून आपल्या समाजशास्त्राने 'विभक्त कुटुंब' ही संज्ञा रूढ केली. बोलीत 'विभक्त' होणे म्हणजे वाटण्या होऊन, बहुधा भांडून, वेगळे होणे. 'आपले कुटुंब विभक्त आहे काय?' असे विचारल्यावर उत्तर देणारा दुखावतो, आणि संशोधक मात्र रचनेचा एक निरुपद्रवी प्रकार नोंदवून घेतो.

प्रश्नावलीच्या पूर्वचाचणीचा उल्लेख प्रत्येक आराखड्यात असतो. तिच्यातून काय टिपावयाचे हे क्वचितच लिहिलेले असते. छापील प्रश्न 'आपणांस किती अपत्ये आहेत?' असा असतो. वस्तीत तो कोणी वाचीत नाही. मुलाखत घेणारी व्यक्ती तो 'मुलं किती?' असा विचारते, आणि उत्तर येते 'दोन'. थोड्या वेळाने दारात तीन मुली उभ्या दिसतात. खोटे कोणी बोललेले नसते. 'मुलं' या शब्दात मुली येतात आणि येतही नाहीत, ते संदर्भावर अवलंबून असते. बालआरोग्याच्या अभ्यासात ही चूक एका बाजूलाच झुकते, आणि नेमके ज्यांच्याकडे दुर्लक्ष होते त्यांनाच नोंदीतून वगळते. सहमतीच्या पाच पायऱ्यांची अशीच गत आहे. 'तटस्थ' हा शब्द छापील कागदावर शोभतो. दारात बसलेली बाई 'आता काय सांगायचं' असे म्हणते, आणि त्यात तटस्थता सोडून बाकी सर्व काही असते. यास्तव पूर्वचाचणीत उत्तरांपेक्षा दोन गोष्टी अक्षरशः उतरवून घेतल्या पाहिजेत : मुलाखत घेणाऱ्याने छापील प्रश्न तोंडी कोणत्या शब्दांत विचारला, आणि ऐकणाऱ्याने 'म्हणजे काय?' असे कोठे विचारले. या दोन यादी आराखड्याला जोडल्या तर समितीला सांख्यिकी कसोट्यांच्या नामावळीपेक्षा अधिक कळेल.

भारतात समाजकार्याचे व्यावसायिक शिक्षण १९३६ मध्ये मुंबईस सुरू झाले. तेव्हापासून विद्यार्थ्यांनी वस्त्यांत, रुग्णालयांत, शाळांत जाऊन भरून आणलेल्या अनुसूचींची गणती करणे कठीण आहे. आणि त्यांतील बहुतेक मौखिक परीक्षा होताच निरुपयोगी समजल्या जातात. मॅक्कॉर्ड यांना तीस वर्षांनी जे दिसले ते जुन्या नोंदी कोणीतरी जपून ठेवल्या म्हणून दिसले. लघुप्रबंधाची बांधीव प्रत ग्रंथालयात जाते. तिच्याबरोबर नावे काढून टाकलेल्या अनुसूची, भेटींच्या नोंदवह्या व पूर्वचाचणीतील त्या दोन यादीही विभागात जमा कराव्यात, आणि त्या कोठे, किती वर्षे व कोणाच्या जबाबदारीवर राहतील हे आराखडा संमत करतानाच लिहून घ्यावे.