बालसंरक्षण खटल्यांतील सरकारी वकिलाची भूमिका : नागपूर खंडपीठाच्या एका निर्णयाच्या संदर्भात

प्रास्ताविक

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ (पोक्सो) हा १४ नोव्हेंबर २०१२ पासून अंमलात आला. या कायद्याखालील खटल्यात पीडित बालक पक्षकार नसते. ते साक्षीदार असते. कलम ४० नुसार कुटुंबास वकील नेमता येतो, परंतु त्या वकिलास सरकारी वकिलाच्या निर्देशाखालीच काम करावे लागते. त्यामुळे बालकाची बाजू न्यायालयापुढे कितपत पोहोचते, हे बहुतांशी सरकारी वकिलावर अवलंबून राहते. या भूमिकेचे सामर्थ्य व मर्यादा नागपूर येथील एका प्रकरणात एकाच वेळी दिसून येतात.

नागपूरचे प्रकरण

डिसेंबर २०१६ मध्ये नागपुरात बारा वर्षांच्या मुलीसंबंधी घडलेल्या गुन्ह्यात विशेष न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये आरोपीस पोक्सोच्या कलम ८ खाली तीन वर्षांची शिक्षा दिली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९ जानेवारी २०२१ रोजी ती दोषसिद्धी रद्द केली. न्या. पुष्पा गनेडीवाला यांच्या मते कलम ७ मधील 'शारीरिक संपर्क' याचा अर्थ त्वचेचा त्वचेशी थेट स्पर्श असा होता. कपड्यावरून झालेली कृती त्यात बसत नसल्याने आरोपीस भारतीय दंड संहितेच्या कलम ३५४ खाली दोषी धरून एक वर्षाची शिक्षा देण्यात आली. शिक्षा जितकी कठोर तितका पुरावा काटेकोर हवा, हा या निर्णयामागील विचार सर्वस्वी अग्राह्य म्हणता येत नाही. तथापि या तत्त्वाचा संबंध पुराव्याशी आहे. त्याच्या आधारे गुन्ह्याची व्याख्याच संकुचित करणे हा निर्णयाचा मूलभूत दोष होय.

महान्यायवादींचा हस्तक्षेप

२७ जानेवारी २०२१ रोजी महान्यायवादी के. के. वेणुगोपाल यांनी हा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या निदर्शनास आणला व त्यास स्थगिती मिळाली. पुढे राष्ट्रीय महिला आयोग व महाराष्ट्र शासन यांनीही अपिले केली. महान्यायवादींचा युक्तिवाद एका आरोपीच्या शिक्षेपुरता नव्हता. शस्त्रक्रियेचे हातमोजे घालून मुलीच्या अंगाला स्पर्श करणारा मनुष्यही या अर्थाने सुटेल, असे त्यांनी दाखवून दिले. १८ नोव्हेंबर २०२१ रोजी न्या. उदय लळित, न्या. रवींद्र भट व न्या. बेला त्रिवेदी यांच्या पीठाने खंडपीठाचा निर्णय रद्द केला. लैंगिक हेतू हा या गुन्ह्याचा गाभा असून त्वचेचा स्पर्श नव्हे, असे स्पष्ट करून कलम ८ खालील तीन वर्षांची शिक्षा पुन्हा देण्यात आली.

चिकित्सा

या निकालाचे स्वागत करताना एक प्रश्न सुटू नये. खंडपीठापुढेही शासनाच्या वकिलाने ही कृती लैंगिक हल्ला ठरते असेच प्रतिपादन केले होते; ते मान्य झाले नाही. दुरुस्ती झाली ती निर्णयाविषयी देशभर चर्चा झाल्यानंतर, देशाच्या सर्वोच्च विधी अधिकाऱ्याने पुढाकार घेतला म्हणून. ज्या बालकाच्या प्रकरणाची वृत्तपत्रांत वाच्यता होत नाही, त्याच्यासाठी महान्यायवादी येणार नाहीत. त्याच्यासाठी सत्र न्यायालयातील विशेष सरकारी वकील हाच आरंभ आणि बहुधा शेवटही असतो.

म्हणूनच कलम ३२ महत्त्वाचे ठरते. प्रत्येक विशेष न्यायालयासाठी किमान सात वर्षे वकिली केलेला व केवळ याच कायद्याखालील खटले चालविणारा विशेष सरकारी वकील नेमावा, असे ते सांगते. कलम ३३ नुसार बालकास विचारावयाचे प्रश्न दोन्ही बाजूंचे वकील न्यायाधीशांकडे देतात व न्यायाधीश ते विचारतात. प्रश्न कसे रचावेत, याचे ज्ञान कायद्याच्या पुस्तकातून मिळत नाही. जुलै २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभरांहून अधिक प्रकरणे असलेल्या जिल्ह्यांत स्वतंत्र न्यायालये स्थापण्याचा आदेश देताना सरकारी वकिलांच्या नेमणुकीचाही विचार केला, तो याच कारणाने.

येथे एक मर्यादा पाळावी लागते. सरकारी वकील हा बालकाचा खाजगी वकील नव्हे. तो राज्याचा प्रतिनिधी आहे आणि आरोपीस न्याय्य सुनावणी मिळावी, हेही त्याचे कर्तव्य आहे. कोणत्याही किमतीवर शिक्षा हे त्याचे ध्येय असू शकत नाही. परंतु कायद्याचा यथार्थ अर्थ न्यायालयापुढे ठामपणे मांडण्यात या दोन कर्तव्यांचा विरोध उरत नाही.

निष्कर्ष

महान्यायवादींच्या हस्तक्षेपाने कायद्याचा अर्थ वाचला. मात्र अपवादात्मक हस्तक्षेप ही व्यवस्था होऊ शकत नाही. प्रशिक्षित व पुरेसा वेळ असलेला सरकारी वकील जिल्हा न्यायालयातच उपलब्ध होणे, हेच या प्रकरणाचे खरे फलित ठरावे.