सरासरी फसवते तेव्हा

तांत्रिक निबंधाचं रसग्रहण कोण करतं? पण स्टॅनफर्डचे ए. एल. लंडन यांचा १९७० चा निबंध त्या मानाचा आहे. विषय रुक्ष: गॅस टर्बाइनचा रीजनरेटर आणि कारखान्यातली मापांची चूक.

बाहेर पडणाऱ्या तप्त वायूची उष्णता उचलून ती ज्वलनकक्षात शिरणाऱ्या हवेला द्यायची, म्हणजे इंधन वाचतं, हे रीजनरेटरचं काम. क्रायस्लरच्या १९६३ च्या टर्बाइन मोटारीत असे दोन फिरते रीजनरेटर होते. पुढे सिरॅमिक जाळीच्या तबकड्यांवर आशा बसली. हजारो बारीक, सरळ मार्ग. त्यांतला प्रवाह इतका शांत की गणित कागदावर नेमकं सुटतं. आणि तरीही प्रत्यक्ष तबकडी कागदाएवढी उष्णता देईना, तर?

इथे लंडन यांची खरी खुबी दिसते. ते हजारो छिद्रांच्या गर्दीत शिरत नाहीत. दोनच मापं घेतात: थोडं मोठं, थोडं लहान. अशा प्रवाहात वाहणाऱ्या वायूचं प्रमाण व्यासाच्या चौथ्या घातानं बदलतं. अर्ध्या मिलिमीटरचं छिद्र ०.०५ मिमीनं मोठं झालं, तर त्यातून जवळपास दीडपट वायू धावतो आणि धावताना उष्णता पुरती देत-घेत नाही. लहान छिद्रातला वायू रेंगाळतो, पण तो आधीच जवळजवळ पुरता तापलेला. आणखी तापून तापणार किती? मोठ्याचं नुकसान लहानाच्या नफ्यानं भरून निघत नाही. सरासरी माप अचूक, तबकडी मात्र नापास!

तोटा टक्का-अर्धा टक्काच दिसतो, म्हणून तो किरकोळ समजू नये. आदर्श सूत्रानं ९४ टक्के कार्यक्षमतेवरून ९५ गाठायला उष्णता देणारा पृष्ठभाग सुमारे एकपंचमांशानं वाढवावा लागतो. मोटारीत एवढी जागा कुठून आणणार?

मला सर्वांत आवडला तो लेखकाचा प्रामाणिकपणा. असमान मार्गांमुळे दाबातली घट थोडी कमी होते, हा फायदाही त्यांनी हिशेबात जमा धरला आहे. फक्त तो तोट्याला पुरा पडत नाही.

दोन मापांचं हे चित्र ढोबळ आहे, हा आक्षेप रास्त. त्याचं उत्तर रमेश शहा आणि खुद्द लंडन यांनी १९८० मध्ये अनेक मापांचं गणित मांडून दिलं. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी मात्र आधी १९७० चाच निबंध वाचावा.