पुस्तक छापले, पोहोचले का?

सोलापुरात 1990 साली पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून अस्मिता, बोली, उपेक्षा यांवर आपण पुष्कळ बोललो. पुस्तकाच्या व्यवहारावर मात्र फारसे नाही. आपल्या कितीतरी कवींचा पहिला संग्रह पदरमोड करून निघतो. काही प्रती ओळखीपाळखीत भेट जातात, उरलेल्या घरातच पडून राहतात. वितरणच नसल्याने ते पुस्तक ग्रंथालयात जात नाही, समीक्षकाच्या हाती लागत नाही. अशा उपेक्षेचे खापर केवळ वाचकाच्या पूर्वग्रहावर फोडणे पुरेसे नाही.

म्हणूनच नवलेखकाने करार वाचायलाही शिकले पाहिजे. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी व सहीनिशी असावे लागते. मुदत नमूद नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. आयएसबीएन क्रमांक भारतात विनामूल्य मिळतो. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांसाठी अनुदान योजना आहे. ‘पैसे द्या, छापून देतो’ म्हणणाऱ्याला आधी विचारावे : विकणार कोण आणि हिशेब केव्हा देणार? हा प्रश्न आपल्या समीक्षेचाही आहे. न पोहोचलेल्या पुस्तकाची समीक्षा लिहिणार तरी कोण?